विहीणबाई, टोरांटो लई लांब हाय

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर

मुक्काम गडहिंग्लज येथील आमच्या मानाच्या विहीणबाई सौ. शालूबाई यांना, तुमच्या लेकीची सासू चिमणाबाई हिचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. तुमचा रक्तदाब, तुमचा दुखरा खांदा आणि प्रवासाचे नाव काढले की तुम्हाला येणारी ती मळमळ, या तिघांची खुशाली सवडीने कळवावी. (मळमळ अजून होते ना? लग्नाला गडहिंग्लजहून कोल्हापूरला येईपर्यंत तुम्ही तीनदा गाडी थांबवायला लावली होती, ते आमच्या पेठेत अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.) तुम्ही पुढच्या आठवड्यात टोरांटोला, आमच्या विश्वजितच्या घरी, तुमच्या प्रियदर्शनीचे पहिले बाळंतपण करायला निघालात, हे समजून आम्हाला अतिशय आनंद झाला.

इथवर पुस्तकातल्यावाणी लिहिलं, आता हात भरून आला. हितनं पुढं बोलते तसंच लिहिते. आनंद बिनंद काय झालेला न्हाय, विहीणबाई. माझा जळफळाट झालाय. ते नातवंड माझं हाय. तुमचं बी हाय, मी कुठं न्हाय म्हणते? पण त्याला पयल्यांदा उचलून घेणार तुमी, पयली आंघोळ घालणार तुमी, आन् मी हितं फोनच्या काचंवर बोट फिरवत ‘दिसतंय का, दिसतंय का’ करत बसणार. फोनवरच सांगितलं असतं सगळं, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर. माझं एक वाक्य झालं की तुमच्या घरातली चार माणसं ‘काय म्हणत्यात, काय म्हणत्यात’ करत गोळा होतात. म्हणून लाडवाच्या डब्यात वरच हे पत्र ठेवलंय. एकटीनं वाचा.

तुमाला ठावं हायच, विश्वजितनं दोन म्हैन्यामागं फोन करून वाटणी करून टाकली. पयले सहा म्हैने प्रियदर्शनीची आई, म्हागनं सहा म्हैने तू. दोघी एकदम नकोत, घर ल्हान हाय म्हणाला. (घर ल्हान हाय का दोघी एका घरात नकोत, ते त्याचं त्याला म्हाईत.) पयलं बाळंतपण माहेरचं ही आपली रीत, आन् लेकीला माहेरी यायला जमत न्हाय म्हणून माहेरच विमानात बसून लेकीकडं चाललंय, हे मला कळतंय. रीत मोडायची न्हाय म्हणून मी गप बसले. पण तुमच्या वाटणीचे म्हैने कुठले आले बघा की! एप्रिल ते आक्टोबर. तिकडं त्या दिवसांत ऊन, फुलं, बागा. माझ्या वाटणीला नोव्हेंबर, म्हणजे नाकातलं पाणी गोठायचा म्हैना. तुमी बाळाला गाडीत घालून बागंत फिरवणार आन् मी फावडं घेऊन दारातला बर्फ उपसणार. वर लेक मलाच समजावून सांगतोय की आई, पंधरा-सोळा तास एका जाग्यावर बसाय लागतं, तुझे गुडघे बघता घाई नको. गुडघे माझे, त्यानला नावं ठेवणारा ह्यो कोण?

तरी बी मी गिळलं असतं. पण मग तुमी आपल्या ‘दोन घरं एक उंबरा’ ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकला. (एकदा टाकला असता तरी दिसला असता. तुमी तीनदा टाकला.) तुमच्या व्याह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, चष्मा पुसून तो वाचाय घेतला. आता हा माणूस तीस वर्षं कोल्हापूर-गारगोटी एसटीवर कंडक्टर. आयुष्यात दुसरी पोथी वाचली न्हाय, पण वेळापत्रक तोंडपाठ. बोट ठेवून म्हणाले, दिल्ली सुटणार पहाटे तीनला, टोरांटो पोचणार सकाळी साडेआठला, तारीख तीच. म्हणजे साडेपाच तास! मी तिथंच पिठाचे हात घेऊन खाली बसले. साडेपाच तासांत आमची माणसं पुण्याला जाऊन डबा सोडत्यात. एवढ्यासाठी माझ्या लेकानं माझे गुडघे काढले? पोटच्या पोरानं साडेपाचाचे सोळा केले, ते बी कुणासाठी, तर सासूला आधी न्यायला मिळावं म्हणून! तसाच फोन लावला. तिकडं रात होती, पोरगं घाबरून उठलं, मी धरून झोडपलं. त्यो सारखा ‘आई, घड्याळ येगळं, घड्याळ येगळं’ म्हणत होता. मी म्हटलं घड्याळ येगळं असू दे, आई एकच हाय, आन् फोन ठेवला.

मग आमी तुमचं परतीचं तिकीट बघितलं, तर त्यात उलटंच. आज दुपारी निघणार ते उद्या दुपारी पोचणार. जाताना साडेपाच तास आन् येताना तेवीस? मी म्हटलं, अवो, जाताना उतार आन् येताना घाट हाय का काय त्या वाटंला? तर हे गंभीर तोंड करून म्हणाले, असंल, आंबोलीचं तसंच हाय.

दुसऱ्या दिवशी आमी दोघं शाहूपुरीत गेलतो. तिथं मुजम्मिल म्हणून एकाचं तिकिटांचं हापीस हाय, उमऱ्याला, हजला जाणाऱ्यांची सगळी सोय त्यो करतो. चाळिशीचा, लई गोड बोलणारा माणूस. चहा मागवला, पंखा आमच्याकडं वळवला आन् बोला आण्णा म्हणाला. आण्णांनी पयला प्रश्न काय विचारावा? टोरांटोला बायकांना हाफ तिकीट हाय का. मुजम्मिल हसला न्हाय, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, न्हाय आण्णा, विमानात सगळ्यांना फुलच. तर हे म्हणाले, आमच्या एसटीत बायकांना कुठल्या बी गाडीत हाफ, मग तुमचं विमान काय एसटीपेक्षा गरीब हाय? मी मान खाली घालून चहाच्या कपात बघत बसले. (तुमाला जावयानं फुल तिकीट काढलं, ते मी त्या दिवशी मनात लिहून ठेवलं.)

मग मुजम्मिलनं संगणकात बघून सांगितलं की दिल्ली ते टोरांटो अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर हाय, आन् विमान एका दमात गेलं तरी पंधरा तासाच्या वरच लागत्यात. मालकांनी लगेच टप्पे पाडले. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, त्या हिशेबानं दोन हजाराला थोडेच कमी टप्पे झाले. मग मान हलवून म्हणाले, हे अंतर साडेपाच तासांत कापायचं तर ताशी दोन हजाराचा वेग पायजे, एवढं तर गडहिंग्लजच्या वडापच्या जीपवाल्याला बी जमायचं न्हाय, म्हणजे अंतर तरी चुकलंय न्हायतर विमान तरी. मुजम्मिल म्हणाला, दोन्ही बरोबर हाय आण्णा, वेळ तिथली लिहिल्या. तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास म्हागं असतं. आपण पंधरा तास बसून जातो, उतरल्यावर काटा साडेनऊ तास म्हागं फिरवतो, म्हणून कागदावर साडेपाचच दिसतात. हे म्हणाले, मग ते साडेनऊ तास जातात कुठं? येताना परत काढून घेतात, त्यो म्हणाला. डिपॉझिट हाय व्हय, असं म्हणून ह्यांचं समाधान झालं, पण माझं झालं न्हाय. माझ्या डोस्क्यात एकच गोष्ट बसली. म्हणजे तुमी हितनं निघाला की साडेनऊ तासांनी तरण्या होऊन माझ्या नातवंडापुढं उभ्या राहणार. तिथं बी तुमीच माझ्या पुढं.

लेक खोटं बोलला नव्हता, एवढं बरं झालं. पण मग ऱ्हायला माझ्या गुडघ्यांचा प्रश्न. पंधरा तास मी बसू शकते हे त्याला दाखवून द्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. म्हणून आमी घरातच एक दिवस विमान सोडायचं ठरवलं. तुमी ग्रुपवर जो माझा फोटो बघितला आन् ज्याच्यावर तुमची ती पोट धरून हसणारी तीन पिवळी तोंडं पाठवली, त्यो फोटो त्याच दिवसाचा. आता खरं काय झालं ते वाचा.

सकाळी सहाला बाहेरच्या सोप्यात कपाट आन् तांदळाच्या पोत्याच्या मधी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. जागा जाणूनबुजून अडचणीची घेतली, कारण विमानात मांडी घालाय येत न्हाय असं मुजम्मिल म्हणाला होता. मालकांनी आपल्या जुन्या कंडक्टरच्या पिशवीचा पट्टा काढून माझ्या पोटावरनं खुर्चीला बांधला आन् दोनदा टिंग टिंग म्हणून गाडी सोडली. मी म्हटलं विमानात घंटी नसती. ते म्हणाले घंटी दिल्याबिगर ड्रायव्हरला कळणार कसं? नाष्ट्याला कप्प्याच्या ताटात पोहे आणून दिले. अर्धे खाल्ले न्हाय तवर हाक मारली, ‘बिद्री! बिद्री! गाडी धा मिनिटं थांबंल!’ म्हटलं अवो, टोरांटोच्या वाटंवर बिद्री कुठली? तर म्हणाले, माझी गाडी बिद्रीला चहा घेतल्याबिगर आजवर पुढं गेलेली न्हाय. स्वतः म्हागच्या परड्यात जाऊन बिडी ओढून आले. मला उतरू दिलं न्हाय. न्हाणीकडं जायचं म्हटलं तर आत कोणतरी हाय म्हणून तिष्ठत ठेवलं. विमानात असंच असतं म्हणे.

नऊच्या सुमाराला शेजारच्या आक्का विरजण मागाय आल्या. काय चाललंय म्हणून विचारलं, ह्यांनी सांगितलं. त्या बाईनं विरजणाची वाटी खाली ठेवली, आतनं दुसरी खुर्ची आणली आन् माझ्या बाजूला बसल्या. वर म्हणतात काय, खिडकीकडची जागा मला द्या. खिडकी न्हाय म्हटलं तर कपाटाच्या आरशाकडं तोंड करून बसल्या. माझं वाटंसाठी केलेलं भडंग अर्ध्या तासात संपवलं. मग आपल्या सुनंचं सगळं गाऱ्हाणं सुरवातीपास्नं सांगाय लागल्या, ते एक अख्खा समुद्र संपला तरी संपलं न्हाय, आन् शेवटी माझ्याच खांद्यावर मान टाकून घोरल्या. (विहीणबाई, तुमच्या शेजारी कोण येतंय ते नीट बघून घ्या. भडंग दाखवू नका.)

दुपार कलली तवा माझ्या पायाला मुंग्या आल्यात्या, पाऊल जोंधळ्याच्या भाकरीवाणी फुगलं होतं, पण मी तोंडातनं ब्र काढला न्हाय. आठ तास झाले. विश्वजितला कळावं म्हणून ह्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आठ तास पूर्ण, प्रवासी ठणठणीत’. त्यात पट्टा, पोतं, खांद्यावर घोरणाऱ्या आक्का, सगळं आलं. आन् दोन मिनिटांत तुमची ती तीन तोंडं आली. खाली लिवलेलं, ‘अगंबाई, विहीणबाई चंद्रावर निघाल्या काय?’

ते वाचलं आन् माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी ताडकन् उठले. पट्टा सोडायचा ऱ्हायला होता. खुर्ची माझ्यासंगं उठली, आक्का तांदळाच्या पोत्यावर घसरल्या, आन् मी खुर्चीसकट तोंडावर. उजवा गुडघा फरशीवर आपटला. मालक धावत आले ते मला उठवायला न्हाय, आधी ग्रुपवर लिहायला: ‘गाडी बिद्रीच्या पुढं फेल. प्रवासी सुखरूप.’ चाळीस वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर.

आता तुमच्याकडनं एक काम पायजे. ते ‘गाडी फेल’ वाचल्यापास्नं विश्वजित फोनवर नोव्हेंबरचं नाव काढत न्हाय. मी विचारलं की ‘बघू की आई, आधी गुडघा दाखव’ म्हणतो. त्याच्या ‘बघू’चा अर्थ मला कळतो, त्याला मीच वाढवलाय. तिथं गेल्यावर त्याला खरं काय ते सांगा. मी पडले ती गुडघ्यापायी न्हाय, तुमच्या हसण्यापायी पडले. आठ तास मी बसले होते आन् पुढचे सात बी बसले असते. सूज उतरल्या, कालच मी अंबाबाईला चालत जाऊन आले. (येताना रिक्षा केली, ते सांगायची गरज न्हाय.)

तुमचा मत्सर करायचा न्हाय असं मी रोज सकाळी ठरवते आन् रोज काहीतरी होतं. परवा आमचा एक पावणा गडहिंग्लजास्नं आला, त्यानं सांगितलं की तुमच्या चौकात तुमचा डिजिटल बोर्ड लागलाय. ‘सौ. शालूबाई यांना टोरांटो दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा’, तुमी गॉगल घालून, म्हागं विमान, खाली गल्लीतल्या पोरांची रांगंनं तोंडं. बाळंतपण लेकीचं आन् बोर्ड आईचा! मी लगेच ह्यांना म्हटलं, नोव्हेंबरला माझा बी लावा, चांगला मोठा. तर म्हणाले, आधी गाडी दुरुस्त होऊ दे.

पण बोर्डाचं मला काय वाटत न्हाय. मला वाटतंय ते येगळंच. ते पोरगं डोळं उघडंल तवा पयला वास तुमच्या लुगड्याचा घेणार. रडंल तवा तुमच्या आवाजानं गप होणार. मी सहा म्हैन्यांनी हातात बॅगा घेऊन दारात उभी ऱ्हायले की ते मला बघून भोकाड पसरणार आन् आईच्या खांद्यात तोंड खुपसणार, आन् तुमी गडहिंग्लजास्नं फोनवरनं म्हणणार, ‘असं न्हाय करायचं, आज्जी हाय ती.’ माझी वळख तुमी करून देणार! मान बघावा तर सगळा तुमच्याच पदरात. बाळंतपण माहेरचं, तुमचं. बारसं तुमी तिथं असतानाच. उष्टावणाचा घास मामाचा, म्हणजे तुमच्याच लेकाचा, त्यो फोनवरनं भरवणार म्हणे. नाव ठेवायला आत्या पायजे तर मला लेक न्हाय. मग आमच्या वाटंला ऱ्हायलं काय? नुसतं आडनाव. ते बी तिकडची माणसं नीट म्हणत न्हाईत म्हणून विश्वजितनं अर्धं करून टाकलंय.

असो. रागात काय उणंदुणं लिवलं असंल तर लाडू गोड मानून घ्या. प्रियदर्शनीला सांगा, सासूनं दृष्ट काढून पाठवल्या, आन् घाबरू नको म्हणावं. तुमच्या घरातल्या थोरांच्या पाया पडते, ल्हानांच्या डोक्यावर हात ठेवते, आन् तुमच्याशी कसं वागायचं ते तुमी सुखरूप पोचल्यावर ठरवते.

तुमची,
चिमणाबाई

ता. क. डब्यातले डिंकाचे लाडू प्रियदर्शनीचे हाईत. वाटंत तुमी खाऊ नका. तिथं पोचल्यावर सासूनं केलेत म्हणून सांगा, आपले म्हणून खपवू नका. तुमचे लाडू कडक होतात हे तिला ठावं हाय, तरी सांगून ठेवते.

ता. क. मळमळीसाठी आवळासुपारीची पुडी डब्याच्या तळाला ठेवलीया. मुजम्मिलला मी मुद्दाम विचारून घेतलं, न्हेता येती म्हणाला. विमान सुटायच्या आधीच तोंडात टाका. बाळापतोर तुमी धडधाकट पोचाय पायजे, दुसरं हाय कोण तिथं पोरीला.

ता. क. आता शेवटचं, हे कुणाला वाचून दाखवू नका. पोरांना सहाव्या म्हैन्यात दात येतो. म्हणजे तुमच्या परत यायच्या आन् माझ्या जायच्या तोंडावर. मी लई विचार केला, बाळाच्या सगळ्या गोष्टींचा मान कुणाचा ना कुणाचा ठरलेला हाय, दाताचा तेवढा कुणाचाच न्हाय. त्यो मला द्या. तुमी असतानाच हिरडीवर पांढरं दिसलं तरी बघितलं न्हाय म्हणा. लेकीला सांगू नका, जावयाला सांगू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मी येईन, हात धुईन, त्याच्या तोंडात बोट फिरवीन आन् सगळं घर गोळा होईल एवढ्या मोठ्यांदा ओरडीन. मग मी तुमाला गडहिंग्लजला फोन लावीन. तुमी स्पीकर चालू करा, घरातली सगळी माणसं बोलवा आन् एवढंच म्हणा, ‘अगंबाई, व्हय? आमाला कसा दिसला न्हाय?’